वहीतले तीन शब्द

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सलीमभाऊ, आता दुकान बंद केलंत, वेळ आहे. तुमच्या धंद्यातले गमतीदार किस्से लिहा. लोक पासवर्ड विसरतात वगैरे."

किस्से आहेत. जळगावात पिंप्राळ्याला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान अठ्ठावीस वर्षं चाललं. एक निवृत्त हेडमास्तर होते, ते सुरक्षिततेसाठी दर सोमवारी पासवर्ड बदलायचे आणि दर मंगळवारी मला फोन करायचे. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी बायकोचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं होतं. बाईंना ते कुठूनतरी कळलं. त्यांनी कौतुकाने स्वतःचं नाव टाकून पाहिलं, तर संगणक उघडेना. घरात तीन दिवस अबोला. मी जाऊन सोडवलं. पासवर्ड त्यांच्या माहेरच्या नावाचा होता, आणि बाई लग्नात बदललेलं नाव टाकत होत्या. डॉक्टर मला दारापर्यंत सोडायला आले आणि हात धरून म्हणाले, "सलीम, तू संसार वाचवलास."

हे किस्से मी कॉलेजांत, ऑफिसांत, प्रशिक्षणाच्या वर्गांत पुष्कळदा सांगितले. त्यांच्याबरोबर आणखी एक किस्सा सांगायचो, एका बाईच्या वहीचा. तो मी आठ-नऊ वर्षं खोटा सांगितला. आज खरा लिहितो. त्यातल्या बायकांची नावं बदलली आहेत. दोघींना विचारून लिहितोय. एक म्हणाली, लिहा. दुसरी म्हणाली, "लिहा, पण स्वतःला बरं दाखवू नका."

धुळ्यात एक समुपदेशन केंद्र होतं. घरात मारहाण होणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या, स्वतःहून निघून आलेल्या बायका तिथे यायच्या. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. साठीच्या, सुती साडीतल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. तालुक्यातालुक्यांत त्यांच्या सात कार्यकर्त्या होत्या. बायकांचं म्हणणं ऐकायचं, ते टिपून घ्यायचं, वकिलाची गाठ घालून द्यायची, राहायची सोय बघायची, हे त्यांचं काम. त्या जबाब लॅपटॉपवर लिहायच्या. हे जबाब कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून अक्कांना ते कुलूपबंद हवे होते, आणि त्यासाठी त्यांनी मला बोलावलं.

तिथल्या काही लोकांनी अक्कांना विचारलं होतं, बायकांच्या इतक्या नाजूक कामात हा बाहेरचा पुरुष कशाला? 'बाहेरचा' म्हणजे काय, ते त्यांनी फोड करून सांगितलं नव्हतं, पण मला कळलं होतं. अक्का त्यांना म्हणाल्या, "सलीमला मी ओळखते. तो आपला आहे." हे वाक्य मी फार दिवस मिरवलं.

आता धंद्यातली थोडी माहिती द्यावी लागेल. सोपीच आहे.

संगणकातली फाईल कुलूपबंद करायला किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे दुसरी एक फाईलच असते. ती कोणी उचलून नेली तर? म्हणून किल्लीलाच एका वाक्याने बंद करतात. इंग्रजीत त्याला पासफ्रेज म्हणतात, आम्ही नुसतं 'वाक्य' म्हणायचो. किल्ली असून वाक्य नसेल तर काही उघडत नाही. माणूस समोर बसून किल्ली बनवतो तेव्हा संगणक त्याला विचारतो, वाक्य टाका. मग म्हणतो, पुन्हा टाका. झालं काम.

पण मला किल्ल्या आपोआप बनवायच्या होत्या. सात लॅपटॉप, आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येकावर नवी किल्ली. दर वेळी मी शिरपूर, साक्री, दोंडाईचा फिरत बसू का? म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कामांची यादी. संगणक ती वरून खाली वाचतो आणि तसतसं करत जातो. अडचण एकच. ती चालते तेव्हा समोर कोणी नसतं. 'वाक्य टाका' असं विचारून संगणक थांबला, की थांबलाच. मग वाक्य द्यायचं कुठून?

एक तर वाक्यच ठेवू नये. म्हणजे किल्ली उघडी. दुसरा मार्ग, वाक्य स्क्रिप्टमध्येच लिहून टाकावं. तिसरा कष्टाचा. प्रत्येकीसाठी वेगळं तात्पुरतं वाक्य बनवायचं, ते तिच्या एकटीच्या हातात द्यायचं, पहिल्याच वेळी तिला ते बदलायला लावायचं, आणि आपल्याकडे त्याचा मागमूस ठेवायचा नाही. नवी किल्ली बनली की पुन्हा तेच. त्यासाठी प्रत्येकीजवळ तासभर बसून शिकवावं लागलं असतं.

मी दुसरा मार्ग घेतला. सातही लॅपटॉपवर एकच स्क्रिप्ट, तिच्यात साध्या अक्षरांत लिहिलेलं चार शब्दांचं एकच वाक्य. नंतर बदलून घेऊ, असं ठरवलं होतं. ते 'नंतर' आलं नाही. ते वाक्य आता कुठेही चालत नाही, तरी ते इथे लिहायला हात धजत नाही.

दोंडाईच्याच्या कार्यकर्तीला मी मंगलाताई म्हणतो. चाळिशीची बाई. स्वतः नवऱ्याचं घर सोडून आलेली, मग बी. ए. झालेली. ऑफिसात शुद्ध बोलायची, माझ्याशी अहिराणीत. मी तिला ते चार शब्द सांगितले तेव्हा हसून म्हणाली, "भाऊ, हाई इतलं लांब वाक्य मन्हा ध्यानमा कसं राही?"

"राहील. पण कुठे लिहून ठेवू नका."

"बरं," ती म्हणाली. पण तिने वही काढली आणि काहीतरी लिहिलंच. मी पाहिलं, बोललो नाही. मला पाच वीसची पॅसेंजर गाठायची होती.

वर्षभराने बसमध्ये वरून पिशवी पडली आणि मंगलाताईच्या लॅपटॉपचा स्क्रीन फुटला. केंद्राने नवा घेतला. मी तिच्या फाइली नव्यावर चढवून दिल्या. जुना अक्कांनी माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "याची तू विल्हेवाट लाव." विल्हेवाट म्हणजे काय, हे मला कळत होतं. आतली डिस्क काढून फोडायची. निदान पूर्ण पुसायची.

माझे अब्बा पिंजारी होते. गाद्या उसवायचे, कापूस पिंजून पुन्हा भरायचे. जुन्या गादीतून काय काय निघायचं. एखादी बांगडी, पोरांच्या गोट्या, घड्या पडलेली चिठ्ठी. अब्बा ते न बघता कागदात बांधायचे आणि गादीबरोबर परत द्यायचे. चिठ्ठी असली तर बाईमाणसाच्या हातात. मी हे बघत मोठा झालो.

आणि मी काय केलं? लॅपटॉपला दुसरा स्क्रीन बसवला. डिस्क पुसायला घेतली, तेवढ्यात कोणी गिऱ्हाईक आलं, आणि मग मनात म्हटलं, फाइली कुलूपबंदच आहेत की. कोण उघडणार? नव्या माणसाच्या नावाने खातं उघडून दिलं आणि लॅपटॉप विकला. विकला तोही दोंडाईच्यालाच, स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानदाराला. तो माझा जुना गिऱ्हाईक, स्वस्तातलं काही असेल तर सांगा म्हणून मागे लागला होता.

म्हणजे कुलूपबंद फाइली, त्यांची किल्ली आणि ती उघडणारं वाक्य, असं सगळं मी एका डब्यात घालून बाजारात नेऊन दिलं.

त्या फाइलींत एक जबाब रेखाचा होता. तिचंही नाव बदललंय. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातली, पंचविशीतली. नवरा पिकअप चालवायचा. तिने काय भोगलं ते मी लिहिणार नाही. ते एकदा तिच्या परवानगीशिवाय वाचलं गेलंय, तेवढं पुरे. ती घर सोडून जळगावजवळ असोद्याला लांबच्या मावशीकडे राहत होती आणि केळीच्या पॅकिंगला जात होती. हा पत्ता जबाबात होता.

एका सकाळी नवरा असोद्याला मावशीच्या गल्लीत उभा राहिला. हातात छापलेली पानं. त्याने रेखाला हाक मारली नाही, दारही वाजवलं नाही. गल्लीत उभं राहून मोठ्याने वाचायला लागला. रेखाने बंद खोलीत मंगलाताईला सांगितलेलं सगळं. सासऱ्याबद्दल, पडलेल्या गर्भाबद्दल, सगळं. लोक जमले. बायका ओट्यांवर येऊन उभ्या राहिल्या. मध्येच वाचून तो म्हणायचा, "ऐका, घरनी अब्रू कशी बाहेर काढस ती."

रेखा घरात होती. तिने आधी कानांवर हात ठेवले, असं मला फार पुढे कळलं. मग ती बाहेर आली. तो थबकला. ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "पुढलं पान बी वाच ना. थांबी काबर गया?"

पुढच्या पानावर त्याने स्वतः काय केलं ते होतं. त्याने पान उलटलं, पाहिलं, आणि वाचलं नाही. पानं तिथेच टाकून तो गाडीत बसून गेला.

पण गावाने ऐकलं ते ऐकलंच. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "पोरी, आते तू आठे नको राहू. तो परत येई." रेखा त्याच दिवशी निघाली. पॅकिंगचं काम गेलं. जी एक जागा तिला सुरक्षित वाटत होती ती गेली. जाताना तिने जमिनीवरून गोळा करून ठेवलेली पानं धुळ्याला अक्कांकडे पाठवली. सोबत कोणाच्यातरी हाती निरोप होता, "मंगलाताईले सांगा, मी तुम्हनावर इस्वास ठेवा व्हता."

अक्कांनी मला बोलावलं. केंद्राच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं होतो. अक्का, मंगलाताई आणि मी. टेबलावर ती पानं, धुळीचे ठसे असलेली.

"सलीम, हे बाहेर गेलं कसं?" अक्कांनी विचारलं. "फाईल दोघीच उघडू शकतात. मी आणि मंगला."

मी मंगलाताईच्या नव्या लॅपटॉपवर तो जबाब उघडला आणि पानांशी ताडून पाहिला. लॅपटॉपवर जबाब सहा पानांचा होता. शेवटची दोन पानं नवा लॅपटॉप आल्यानंतर लिहिलेली. टेबलावर चारच पानं होती. मला पाच मिनिटांत कळलं. हे जुन्या लॅपटॉपवरून निघालंय, आणि जुना लॅपटॉप दोंडाईच्याच्या स्टँडजवळ आहे. माझ्या हाताने गेलेला.

मी बोललो नाही. वर पाहिलं तर अक्का माझ्याकडे बघत होत्या, भरवशाने. 'तो आपला आहे' म्हणणारी बाई. ज्या लोकांनी बाहेरचा माणूस कशाला म्हणून विचारलं होतं, ते आता काय म्हणतील, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या क्षणी डोक्यात काय होतं तेवढं सांगतो. रेखा डोक्यात नव्हती.

मी मंगलाताईला विचारलं, "ताई, वाक्य कुठे लिहून ठेवलं होतं का?"

तिने पर्समधून वही काढून टेबलावर ठेवली. "लिहिलंय. पण चारातले तीनच शब्द लिहिलेत. चौथा माझ्या डोक्यात आहे. बघा तुम्ही."

मी पाहिलं. तीनच शब्द होते. मी कितीतरी शिकलेल्या माणसांना वर्षानुवर्षं ओरडून सांगितलं होतं तेवढी खबरदारी या बाईने आपल्या अकलेने घेतली होती. आणि मी म्हणालो, "तीन कळले की चौथा शोधायला फार वेळ लागत नाही."

हे अर्धवट खरं होतं, म्हणून जास्त वाईट. वाक्य हाती आलं तरी किल्ली लागते, आणि किल्ली मंगलाताईने कोणाला दिली नव्हती. ते मला माहीत होतं. त्या दोघींना नव्हतं.

मंगलाताई म्हणाली, "सलीमभाऊ, ही वही माझ्या हातातून कधी सुटलेली नाही."

मी अक्कांकडे बघून म्हणालो, "पाहावं लागेल."

त्या आठवड्यात मी दोन गोष्टी केल्या. आधी दोंडाईच्याला गेलो. दुकानदाराला म्हटलं, या मॉडेलमध्ये दोष निघालाय, बदलून देतो. त्याच्यासमोर चांगला लॅपटॉप ठेवला. तो खुशीत होता, त्यामुळे बोलला. जुनी फोल्डरं चाळताना त्याला फाइलींची नावं दिसली होती. मी नावं तरी झाकायला हवी होती, तीही झाकली नव्हती. फाईलवर बाईचं नाव, गावाचं नाव. त्यातलं एक नाव त्याच्या मित्राच्या बायकोचं, रेखाचं. शेजारी माझी स्क्रिप्ट. त्याने ती उघडून पाहिली तर वाक्य समोरच. जबाब उघडून त्याने छापला आणि मित्राला दिला. "एवढंच काय ते, सलीमभाई, फार अवघड नव्हतं," तो म्हणाला. लॅपटॉप जळगावला आणून मी डिस्क तीनदा पुसली. आधी करायचं ते काम नंतर केलं, आणि नंतर ते करायला नको होतं. रेखाच्या वकिलांनी पुढे नवऱ्यावर तक्रार केली तेव्हा जबाब त्याच्याकडे आला कसा, हे कोणालाच दाखवता आलं नाही. तो म्हणाला, मला पानं रस्त्यात सापडली. त्या तक्रारीचं काही झालं नाही.

दुसरी गोष्ट, मी अहवाल लिहिला. दोन पानी, दुकानाच्या लेटरहेडवर. त्यात लिहिलं की, 'वाक्य वहीत लिहून ठेवण्यात आले होते. त्यामुळे गोपनीयतेचा भंग झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' सरकारी कागदांत चालते तशी भाषा. कोणी खोटं बोललंय असं तिच्यात कुठेच दिसत नाही.

मंगलाताईला कामावरून कमी केलं. अक्कांनी तिला समोर बसवून सांगितलं, आणि स्वतः रडल्या, असं मी ऐकलं.

मी मात्र सुधारलो. सातही लॅपटॉपवरची स्क्रिप्ट काढली. तो तिसरा, कष्टाचा मार्ग धरला. प्रत्येकीजवळ बसून तिचं तिला वाक्य बनवायला शिकवलं. अक्का म्हणाल्या, "सलीम, तू होतास म्हणून निभावलं." माझं नाव झालं. जळगाव-धुळ्यात गोपनीयतेवर कोणाला व्याख्यान हवं असलं की मला बोलावणं यायचं. त्या व्याख्यानात मी सांगायचो, एका बाईने वाक्य वहीत लिहिलं आणि दुसऱ्या बाईला गाव सोडावं लागलं. लोक हळहळायचे. पोरी वहीत टिपून घ्यायच्या की वहीत टिपून घेऊ नये. यावर मी हसवायचोही.

गेल्या हिवाळ्यात जळगावात वसतिगृहांच्या अधीक्षिकांसाठी असाच वर्ग होता. वहीचा किस्सा अर्ध्यावर आला असताना माझी नजर तिसऱ्या रांगेत गेली. मंगलाताई बसली होती. केस पिकलेले, चष्मा आलेला. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लक्ष देऊन ऐकत होती, जणू तिलाही शेवट ऐकायचाय.

किस्सा तिथेच थांबवला. पाणी प्यायलो. म्हटलं, "आज एवढंच." संयोजकांना वाटलं माझी तब्येत बिघडली.

ती गेली नव्हती. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. चार पानं, सहा पानं, लॅपटॉप, दुकानदार, पुसलेली डिस्क, अहवाल. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "ताई, मला माफ..."

"ते राहू द्या," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय?"

"मी नाही, हे माहीत होतं. अक्का नाही, हेही. मग उरलं कोण? जुना लॅपटॉप कुठे गेला, हे मी तुम्हाला विचारणार होते. पण तुम्ही त्या दिवशी माझी वही बघून मान हलवलीत ना, तेव्हा म्हटलं, या माणसाला विचारून काय होणार."

"मग अक्कांना का नाही बोललात?"

"बोलले. त्या म्हणाल्या, सलीमने लेखी दिलंय." मग म्हणाली, "माझं सोडा. मला दुसरं काम मिळालं. मुली चांगल्या आहेत वसतिगृहातल्या. पण रेखाला अजून वाटतं की मी तिला विकलं. मी दोनदा निरोप पाठवला, तिने घेतला नाही. तिला जाऊन सांगा. आणि अक्कांना लेखी द्या. तसंच, लेटरहेडवर."

दुकान तेव्हा बंद होण्याच्या बेतात होतं. लेटरहेडचे थोडे कागद उरले होते. त्यातल्या एकावर लिहिलं. या वेळी एक पान पुरलं. धुळ्याला स्वतः घेऊन गेलो. अक्का आता थकल्यात, केंद्र दुसऱ्या बाई बघतात. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, परत घातला, परत वाचला.

"मी तिला काढलं रे," एवढंच म्हणाल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. मी वाट बघत होतो. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना मी नेहमीसारखा पायांशी वाकलो, तर त्यांनी पाय किंचित मागे घेतले. मुद्दाम घेतले असतील असं नाही. संधिवात आहे त्यांना. पण मी परत येईपर्यंत, पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हाही, तेच आठवत होतो.

रेखा कुठे राहते ते लिहिणार नाही. तिच्या वकिलांमार्फत आधी विचारलं, यायला चालेल का. पंधरा दिवसांनी हो आलं, तेही वकिलांच्या ऑफिसात, दुपारी. ती आली तेव्हा मी ओळखलं नाही. मी तिला आधी कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या आयुष्यातली चार पानं मी बाजारात नेली होती आणि चेहरा आज बघत होतो.

मी सांगितलं. मंगलाताईला सांगितलं होतं तसंच, काही न गाळता. ती खाली बघून ऐकत होती. ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. मध्येच एकदा विचारलं, "ते वाक्य तुम्ही आतमा लिखी ठेयेल व्हतं?"

"हो."

"काबर?"

अठ्ठावीस वर्षांत मला लोकांनी पुष्कळ प्रश्न विचारले. या 'का'चं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिला काय सांगणार? की दर सहा महिन्यांनी दोंडाईच्याला जायचा मला कंटाळा होता? शेवटी तेच सांगितलं.

तिने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. एखाद्या फॉर्मवरची रिकामी जागा भरल्यासारखी ती बसून राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मंगलाताईनी काहीच करेल नव्हतं."

"काहीच नाही."

"आणि मी तिना निरोप बी घिदा नही."

तिने ओढणीचं टोक सोडलं.

"तिना फोन नंबर शे का तुम्हनाकडे?"

नंबर माझ्याकडे होता. द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. म्हणालो, "आहे. पण तिला विचारतो आधी."

रेखाने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "इचारा," ती म्हणाली.

मी फोन लावला. मंगलाताईने उचलला. मागे मुलींचा गलका ऐकू येत होता. मी म्हणालो, "ताई, मी रेखासमोर बसलोय. सांगितलं सगळं. ती बोलायचं म्हणते. देऊ?"

गलका हळूहळू कमी झाला. ती चालत चालत लांब गेली असावी. दार लागल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "द्या."

मी फोन रेखाच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं. दाराबाहेर वकिलांच्या पक्षकारांसाठी बाक होता. त्यावर टेकलो तर आतून "ताई" एवढं ऐकू आलं, आणि मग रडण्याचा आवाज. मी उठलो. जिना उतरून खाली आलो. तिथेही खिडकीतून आवाज येत होता, शब्द कळत होते. म्हणून रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीजवळ जाऊन उभा राहिलो. तिथून काही ऐकू येत नव्हतं.